वाचलेल्या विजेची पैसेवारी

एप्रिल संपता संपता भाचा पुण्याहून आला. तसा तो बुलढाण्याचा, म्हणजे घाटावरचा. पण आईकडे न जाता आधी आमच्याकडे खामगावात उतरला, तेव्हाच मी ओळखलं की याचं काहीतरी काम आहे. बॅगेत कपडे दोन आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा चांगला दोन वितीचा.

"मामा, प्रकल्प आहे," तो म्हणाला आणि विषय एका दमात सांगून टाकला : ऊर्जा कार्यक्षमता कार्यक्रमांचे मूल्यमापन आणि कुटुंबांचे वीज बचतविषयक वर्तन, विशेष संदर्भ बुलढाणा जिल्हा. विषय ऐकून माझ्या बायकोनं त्याला आधी ताक दिलं आणि मग पंखा लावला.

पंखा मायनं बंद केला.

माय म्हणजे माझी आई. वय चौऱ्याऐंशी. घरात ती भिंतीला हात लावून चालते, आणि तिचा हात जिथून जिथून जातो तिथलं प्रत्येक बटण वर होत जातं. आधारासाठी भिंत धरते की बटणांसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. न्हाणीत माझी दाढी अर्धी झालेली असताना अंधार झाला की मी ओरडत नाही. माय देवघराकडे निघाली एवढीच नोंद घेतो आणि उरलेली दाढी अंदाजानं करतो.

भाच्यानं पहिला फॉर्म तिच्यावरच उघडला. प्रश्न क्रमांक एक : गेल्या बारा महिन्यांत आपल्या कुटुंबाने किती वीज वाचवली?

माय म्हणाली, "वाचली असती तं कुठीसा ठेवली असती ना बाप्पा. पाह्य बरं घरात, सापडते का."

भाचा हसला. मला हसू आलं नाही. मी बत्तीस वर्षं तलाठी होतो आणि मायनं कुठं बोट ठेवलं ते मला लगेच समजलं. ज्वारी वाचली तर कणगीत दिसते, पैसा वाचला तर पोस्टाच्या पुस्तकात दिसतो, रात्रीची भाकर वाचली तर सकाळी कुस्करा होऊन समोर येते. वाचलेली वीज मात्र कुठंच दिसत नाही. मीटर फक्त जळालेलं युनिट मोजतं. न जळालेल्या युनिटला मीटर नाही. मग ते मोजायचं कसं? तर 'हे केलं नसतं तर किती जळालं असतं' याचा एक आकडा मनानं धरायचा आणि त्यातून खरं बिल वजा करायचं. यातली एक संख्या कागदावर असते, दुसरी हवेत.

हवेतल्या संख्यांशी माझी जुनी ओळख आहे. पिकांची पैसेवारी ती हीच. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आणि पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ. यंदा कपाशी किती आली यापेक्षा किती यायला हवी होती, यावर सगळा खेळ. बांधावर उभं राहून, डोळे बारीक करून, न उगवलेल्या पिकाकडे बघण्यात माझी उमर गेली. तेव्हा मी भाच्याला म्हणालो, "तू काळजी करू नको. विजेची नजरअंदाज पैसेवारी आपण आत्ता पाच मिनिटांत काढून देतो." तो म्हणाला, "मामा, हे शास्त्र आहे." पैसेवारीही शास्त्रच आहे, पण मी वाद घातला नाही.

शास्त्राची सुरुवात बल्बापासून झाली. 5 जानेवारी 2015 रोजी उजाला योजना आली. सरकारच्या ईईएसएल कंपनीनं एलईडी बल्ब एकदम घाऊक घेतले. 2014 साली जो बल्ब तिला 310 रुपयांना पडत होता तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. देशभरात 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. हा खरोखरच मोठा पराक्रम आहे आणि त्याची मी थट्टा करणार नाही. रांगेत उभं राहून बल्ब मीही आणले आहेत. माझी शंका फक्त पुढच्या गुणाकाराबद्दल आहे. जुना बल्ब 60 वॉटचा, नवा 9 वॉटचा. म्हणजे दर बल्बामागे 51 वॉट वाचले. गुणिले रोजचे तास, गुणिले दिवस, गुणिले बल्ब.

भाच्यानं विचारलं, "मामा, हे बल्ब कुठल्या बल्बांच्या जागी लावले?"

इथं आमची पंचाईत झाली. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्या भिंतीला वर एक झरोका ठेवलेला होता, आणि त्या झरोक्यात साठचा एक बल्ब. अर्धा उजेड चुलीला, अर्धा आमच्या अभ्यासाला, आणि जो काही सांडेल तो ओसरीला. वडिलांनी एका बल्बात अडीच खोल्या उजळल्या होत्या. असा कार्यक्षम दिवा जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेनं केला असेल तर मला दाखवा. एलईडी आले तेव्हा बायको म्हणाली, नऊच वॉटचा तर आहे, लावा. मग दोन्ही खोल्यांना एकेक, ओसरीला एक, न्हाणीला एक, तुळशीला एक, जिन्याखाली एक. आणि गेटवर एक, जो रात्रभर असतो, कारण नऊच वॉटचा तर आहे. या वाक्यानं आमच्या घरात जितकी वीज जाळली तितकी हिटरनं जाळली नसेल. शिवाय दोन बल्ब अजून लोखंडी कपाटात, लग्नाच्या शालूशेजारी, खोक्यासकट आहेत. सरकारी गुणाकारात ते दोघं आजही रोज संध्याकाळी पेटतात आणि प्रत्येकी 51 वॉट वाचवतात.

भाचा म्हणाला याला नाव आहे. जेव्हन्स नावाच्या इंग्रज माणसानं 1865 सालीच लिहून ठेवलंय की वाफेचं इंजिन कमी कोळशात चालू लागलं म्हणून कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. स्वस्त झाल्यावर लोक जास्त ठिकाणी वापरतात. मी म्हटलं, त्यासाठी विलायतेला कशाला जायचं, नळाला दिवसाआड पाणी येणारं गाव आणि रोज येणारं गाव यांचे सडे बघ.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात चमत्कार झाला. भाचा वही घेऊन ओसरीत बसला आणि सगळं घर संत झालं. बायकोनं मिक्सर सोडून चटणी पाट्यावर वाटली. मुलानं खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद केला, हे मी जन्मात प्रथम पाहिलं. मी स्वतः टीव्ही रिमोटनं बंद करून वर भिंतीवरचं बटणही बंद केलं आणि भाच्यानं लिहून घेतलं का ते मान वाकडी करून बघितलं. तो म्हणाला, अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथं 1924 पासून दिवे कमीजास्त करून कामगारांचं काम वाढतं का ते तपासलं. दिवे वाढवले तर काम वाढलं आणि कमी केले तरी वाढलं. कोणी आपल्याला बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो, असा त्या प्रयोगाचा लौकिक झाला. तिसऱ्या दिवशी बायकोचा खांदा धरला आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला. मायच्या वागण्यात मात्र तिन्ही दिवस काही फरक नव्हता. तिला कोणी बघतंय याचं भान नाही. तिला मोतीबिंदू आहे.

आता घाटाचं सांगायला हवं. त्याशिवाय आमच्या जिल्ह्यातली वीज समजणार नाही. बुलढाणा जिल्हा नकाशात एक आहे, हवामानात दोन. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली आम्ही : खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर आणि वर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं वर थंड हवेत नेऊन ठेवलं आणि आम्हाला खाली कापूस आणि ऊन दिलं. मे महिन्यात घाटावरची माणसं संध्याकाळी फिरायला जातात. आम्ही कूलरच्या टाकीत पाणी भरतो.

वऱ्हाडात कूलर हा घरातला माणूस असतो. मार्चमध्ये त्याला माळ्यावरून उतरवायचं, जुनं गवत काढून नवं भरायचं, पंपाला चिमटीनं साफ करायचं, पत्र्याला रंग द्यायचा, आणि मग खिडकीत बसवून पहिल्या वाऱ्याला सगळ्यांनी एकदम समोर उभं राहायचं. पंचेचाळीस अंशांत या माणसाला वीज वाचवण्यासाठी बंद करा असं सांगणारा फॉर्म घाटाखालच्या माणसानं लिहिलेला नसतो.

माझी धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, दर उन्हाळ्यात फोनवर विचारते, "दादा, तुमचं बिल एवढं कसं येतं? आमचं बघ." भाच्याला हे फार आवडलं. त्यानं लगेच तक्ता केला : घाटावरची घरं एका बाजूला, घाटाखालची दुसऱ्या बाजूला. दोन्हींत एलईडी सारखेच, माणसं सारखीच, फरक फक्त तापमानाचा. तो वजा केला की खरी बचत उरेल. तीन रात्री तो ते वजा करत होता. मग मी त्याला हळूच सांगितलं की मे महिन्यात शेवटचे पंधरा दिवस आम्ही सगळे बोथ्याचा घाट चढून त्याच्या आईकडेच जातो. माय, बायको, मुलगा, मी, आणि शेजारच्या काकू जागा असली तर. त्या पंधरवड्यात आमचं मीटर जवळजवळ झोपतं आणि बहिणीच्या घरी चार पंखे, एक टीव्ही आणि आंब्याच्या रसाचा मिक्सर अहोरात्र चालतो. आमची बचत कुठं जाते ते सापडलं. ती ज्ञानगंगेच्या जंगलातून, बसनं, डब्यात दशम्या घेऊन बहिणीच्या मीटरवर जाते.

भाच्यानं तक्ता फाडला नाही, पण पेन्सिल खाली ठेवली.

नंतर त्यानं गल्लीचा प्रयोग काढला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात मानसशास्त्रज्ञांनी एक गंमत केली होती. 2007 साली ती छापून आली. सुमारे तीनशे घरांच्या दारावर चिठ्ठ्या लावल्या : तुम्ही इतकी वीज वापरता, तुमच्या शेजारपाजारची सरासरी इतकी. ज्यांचा वापर जास्त होता त्यांनी कमी केला. पण ज्यांचा मुळात कमी होता त्यांनी वाढवला! आपण उगाच काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असावं. मग त्या चिठ्ठीवर नुसता एक हसरा चेहरा काढला तर तेवढ्यानं ते पूर्ववत राहिले.

आमच्या गल्लीत त्यानं बारा घरांची बिलं गोळा केली आणि प्रत्येकाला सरासरी सांगितली. हसरा चेहराही काढला. परिणाम असा : ज्यांचं बिल सर्वांत कमी होतं त्यांच्याकडे गल्ली संशयानं बघू लागली. एवढं कमी कसं? आकडा तर नाही? मीटर तर अडकलं नाही? त्या गृहस्थांनी दोन दिवस दार लावून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी, केवळ अब्रूसाठी, इस्त्रीचे कपडे घरीच करायला सुरुवात केली. ज्यांचं बिल सर्वांत जास्त होतं त्यांच्या घरी बायका विचारायला गेल्या, "एसी घेतला का हो?" त्या घरातल्या वहिनींनी चहा केला. आमच्याकडे जास्त बिल हा गुन्हा नाही, ती बातमी असते.

खरी बचत गल्लीत एकाच गोष्टीपायी होते, ती म्हणजे शंभराची रेघ. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक आणि त्यापुढच्यांचा चांगलाच चढा, हे ज्या दिवशी लोकांना कळलं त्या दिवशी कुठल्याही प्रबोधनाची गरज संपली. हिवाळ्यात रीडिंगच्या आधीचे आठ दिवस गल्लीत विलक्षण शांतता असते. माणसं मीटरखाली उभी राहून मानेनं हिशोब करतात. एका घरानं याच्याही पुढचा मार्ग काढला : वरचा मजला धाकट्या भावाच्या नावे, वेगळं मीटर. दोघंही शंभराच्या आत. जेवण एकत्र, टीव्ही एकत्र, भांडण एकत्र, फक्त वीज विभक्त. सातबाऱ्यावर अशा वाटण्या मी पुष्कळ लावल्या आहेत. यात एक युनिटही वाचलं नाही, पण कागदावर त्या घराचा वापर निम्म्यावर आला आणि भाच्याच्या फॉर्ममध्ये ते 'उत्कृष्ट' ठरलं.

शेतीच्या विजेसाठी त्याला मी माझ्या साळ्याकडे पाठवलं. संग्रामपूर तालुक्यात त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. मीही बरोबर गेलो, कारण तिथं संत्री नसली तरी जेवण असतं.

साळ्याच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे. भाच्यानं विचारलं, "मामा, तुम्ही वीज कशी वाचवता?"

साळा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. "पोरा, लाइन रातच्या दोनले येते. हरबऱ्याले पानी द्याले मी बॅटरी घेऊन थंडीत जातो. बांधावर रानडुक्कर हाय. आता मले सांग, थे लाइन आली तं मी वाचवू, का वापरू?"

फॉर्ममध्ये या उत्तराला पर्याय नव्हता.

मग ऑटोस्विच. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारं हे यंत्र. रात्री उठावं लागत नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येकाकडे असतं. लाइन येते त्या क्षणी एका डीपीवरच्या पंचवीस मोटरी एकदम उसळी घेतात आणि डीपी जळते. महावितरण वर्षानुवर्षं विनवतंय की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर लावा, व्होल्टेज सुधारेल, मोटर आणि रोहित्र दोन्ही टिकतील. ('रोहित्र' हा शब्द फक्त परिपत्रकात राहतो, शेतात त्याला डीपीच म्हणतात.) सांगणं शंभर टक्के खरं आहे. साळ्यालाही पटलेलं आहे. पण तो म्हणतो, "मी एकट्यानं काढला तं काय व्हते? बाकीच्याइच्या मोटरी चालू अन् माहीच बंद. सगळे काढतीन त्या दिवशी मीबी काढतो." डीपीवरचे इतर चोवीस जणही हेच म्हणतात. असे पंचवीस समजूतदार लोक आणि एक जळकी डीपी, हे दृश्य आमच्याकडे कुठंही बघायला मिळतं. जळल्यावर वर्गणी काढून, ट्रॅक्टरवर घालून, तिला नेण्यात जी एकी दिसते ती पाहून डोळे पाणावतात.

आणि मोजायचं काय? शेतीपंपांना वर्षानुवर्षं मीटरच नव्हतं. किती हॉर्सपॉवरची मोटर, त्यावर ठरीव आकार. मीटर नाही म्हटल्यावर शेतीनं किती वीज वापरली हा आकडा अंदाजाचा, आणि अंदाजाच्या पोटात बरंच काही मावतं. राज्यात वीज नियामक आयोग आला आणि 2000 साली त्यानं पहिला दरनिश्चितीचा आदेश दिला, तेव्हा वीज मंडळाची गळती कागदावरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. तोवर तारांतून आणि आकड्यांतून गळलेली कितीतरी वीज शेतकऱ्याच्या नावावर जमा होत होती. माझा साळा रात्री गोधडीत झोपलेला असायचा आणि त्याची मोटर कागदावर पाणी ओढत असायची. आता एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना बिलच माफ आहे, राज्यभरात सुमारे 44 लाख पंपांना. जिथं बिल नाही तिथं बचतीचा हिशोब कुठल्या कागदावर मांडायचा हे भाच्यानं साळ्याला विचारलं. साळ्यानं त्याला आणखी एक भाकर वाढली.

योगायोगानं दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती आणि भेंडवळ जवळच, जळगाव जामोद तालुक्यात. तिथल्या घटमांडणीला साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. साळा म्हणाला चला. संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखतात, गोलाकार अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, पुरी, सांडोळी, कुरडई. पानसुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे, दिवस उगवायच्या आत, कुठला दाणा हलला, कुठलं ढेकूळ किती भिजलं ते बघून पीकपाणी सांगतात.

भाचा विज्ञानाचा मुलगा. या भाकितावर त्याचा विश्वास नाही, आणि माझाही त्याबाबतीत आग्रह नाही. पण परत येताना तो गप्प होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मामा, यांनी काल काय मांडलं ते सगळ्यांनी बघितलं. आज काय झालं तेही सगळ्यांच्या समोर बघितलं. मधे कोणी हात लावला नाही." आणि मग त्यानं मेक्सिकोची गोष्ट सांगितली. तिथल्या सरकारनं 2009 पासून लोकांचे जुने फ्रीज आणि एसी घेऊन नवे, कमी वीज खाणारे दिले, 15 लाखांहून जास्त. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर खरीखुरी बिलं तपासली. फ्रीजवाल्यांची वीज 8 टक्के कमी झाली होती, आधी केलेल्या अंदाजाच्या जेमतेम चौथा हिस्सा. एसीवाल्यांची वाढली होती. नवा चांगला चालतो म्हणून लोक जास्त वेळ लावत होते. त्या अभ्यासाचं नाव 'कॅश फॉर कूलर्स'. नाव ऐकून साळ्यानं जीप हळू केली आणि विचारलं, कूलरले पैसे भेटतात काय, फॉर्म कुठी हाय?

अंदाजापेक्षा प्रत्यक्षात जास्त बचत झाल्याचं एकच उदाहरण भाच्याकडे होतं आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे. 5 एप्रिल 2020, रविवार, रात्रीचे नऊ. कोरोनाची टाळेबंदी. पंतप्रधानांनी सांगितलं होतं की नऊ मिनिटं घरातले दिवे मालवा आणि पणत्या लावा. वीजवाल्यांनी अंदाज धरला होता 12 ते 14 हजार मेगावॉटची मागणी कमी होईल असा. झाली सुमारे 31 हजार मेगावॉट. ग्रिड कोसळू नये म्हणून जलविद्युत केंद्रांनी मिनिटामिनिटाला उत्पादन खाली-वर करून सांभाळून घेतलं. देशात वीज वाचलेली डोळ्यांना दिसली ती तेवढी नऊ मिनिटं.

"त्या रात्री तुमच्या घरी किती दिवे बंद झाले?" भाच्यानं घरी आल्यावर विचारलं. फॉर्मचं शेवटचं पान होतं.

मी आठवलं. बायकोला विचारलं. एकही नाही. त्या दिवशी माय साडेआठलाच घरभर फिरून आली होती. नऊ वाजता आम्ही बटणं शोधत होतो, पण बंद करायला चालू दिवाच शिल्लक नव्हता. गल्लीतल्या लखलखत्या घरांनी त्या रात्री राष्ट्राची वीज वाचवली आणि आमचं योगदान शून्य.

भाच्याच्या तक्त्यात मायचं हेच झालंय. 14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी शाळाशाळांत मुलं पंखा बंद ठेवण्याची शपथ घेतात. डिसेंबरात, अंगात स्वेटर असताना. त्यांची बचत मोजता येते, कारण शपथेच्या आधी आणि नंतर असा फरक दाखवता येतो. मायच्या आयुष्यात 'आधी' नाही. गावात पहिला बल्ब आला त्या संध्याकाळपासून ती तो मालवते आहे. प्रश्न क्रमांक सतरा : जनजागृती कार्यक्रमानंतर आपल्या सवयीत झालेला बदल. भाच्यानं प्रामाणिकपणे लिहिलं : निरंक. मी तलाठी असतो तर चार आणे तरी वाढवून दिले असते.

तो गेला. आम्ही यंदा त्याच्या प्रकल्पापायी घाटावरही गेलो नाही. परवा मे महिन्याचं बिल आलं : 268 युनिट. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापेक्षा 61 जास्त. त्यात त्याचा लॅपटॉप आहे, दोन मोबाइल आहेत, आणि मायचा डोळा चुकवून रात्रभर चालवलेला कूलर आहे.